अखजीची घागर आणि न परतलेला वैमानिक

आर्वीची_धाकटी

अखजी चार दिवसांवर आली. आज बाजारातून घागरी आणल्या. अक्षय्य तृतीयेला आमच्या वर्धेकाठच्या गावांत पितरांच्या नावानं घागर भरतात, ते इथल्या वैदर्भीयांना सांगायला नको. पळसाची पत्रावळ, तिच्यावर पुरणपोळी, वडे, कुरड्या, द्रोणात चिंचोणी. घरातलं कोणी वर्षभरात गेलं असेल तर त्याची घागर या दिवशी पहिल्यांदा भरायची. घागर भरली की तो माणूस पितरांत गेला, घरानं तसं मानलं.

घागरी धुताना फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांची गोष्ट मनातून हलत नव्हती, म्हणून हा धागा काढते आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. तांबे हवाई दलाच्या ३२ व्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ चालवायचे. ५ डिसेंबर १९७१ ला, युद्ध पेटून दोनच दिवस झाले होते, पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ला करताना त्यांचं विमान पडलं. त्याच सुमारास पाकिस्तानातल्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी छापून आली आणि त्यात एक नाव 'टॉम्बे' असं होतं. घरच्यांना वाटलं, पकडलेत ना, म्हणजे आहेत. लढाई संपली की येतील. लढाई १७ डिसेंबरला थांबली. २ जुलै १९७२ ला सिमल्यात करार झाला. १ डिसेंबर १९७२ ला वाघ्याहून आपले सहाशेच्या वर युद्धकैदी परतले. त्यात तांबे नव्हते.

पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळालेला. तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी पुढे लग्न केलं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली आणि सरकारदरबारी विचारत राहिल्या. २००७ साली बेपत्ता सैनिकांचे १४ नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग बघायला गेले, त्यात त्याही होत्या.

मला हे इतकं आतून का लागतं, तर आमच्या घरी एक मोठी आई होती. माझ्या मोठ्या बाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा फौजेत नव्हते, साधे शेतकरी. १९६९ च्या उन्हाळ्यात 'कोयशाच्या खाणीत काम भेटते, पेरणीच्या आंधी येतो' म्हणून चांद्याकडे निघाले ते निघालेच. पत्र नाही, निरोप नाही. माझे वडील दोनदा बल्लारशापर्यंत जाऊन आले. बारा वर्षं झाली तेव्हा भावकीनं ठरवलं की आता पालाशविधी करून मोकळं व्हावं. पळसाच्या ३६० देठांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्याच पळसाचे देठ होते ते. वडील आणि काका अंगणात बसून मोजत होते, शंभर झाले की एक खडा बाजूला ठेवत होते. मोठी आई चुलीपाशी बसलेली. बाया तिला बोलवायला गेल्या, हातातल्या बांगड्या फोडायच्या होत्या. ती उठली नाही. म्हणाली, "पानाच्या माणसाले मी नवरा म्हणू काय? तुमाले जाळाचं तं जाळा."

विधी झाला. तिनं कुंकू पुसलं नाही. मरेपर्यंत.

गावानं तिला पुष्कळ बोल लावले. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावरून घराघरांत तंटे झाले. मला विचारायचं आहे ते इतकंच: ज्याचं काय झालं ते कोणी सांगितलंच नाही, त्याची घागर भरायची की नाही, हे कोणी ठरवायचं? घरानं, गावानं, की सरकारनं?

पऱ्हाटी

ताई, अंगावर काटा आला. माझ्या आजीच्या माहेरीही एक असं माणूस होतं. पाहुणे आले की म्हातारी आधी रस्त्याकडे बघायची, मग पाहुण्यांकडे. बाकी मग लिहीन.

नातू_पुलगाव

धागा काल रात्री आजोबांना वाचून दाखवला. ते हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे होते. तांबरमला ट्रेनिंग झालं आणि ७१ साली पंजाबातल्या एका ठाण्यावर सुखोई-७ वर काम करत होते. आता पंच्याहत्तरी पार केली आहे, कमी ऐकू येतं, पण 'सुखोई' शब्द निघाला आणि खाटेवर उठून बसले. त्यांच्याच तोंडचं लिहितो, मधे मधे माझं.

"मी बावीस वर्साचा होतो. लोकं वैमानिकाले पायते, त्याले चढवून देनारा कोनाले दिसत नाई. साहेब आले का आधी विमानाला चक्कर मारत. चाकं पायत, बंदुका पायत, शेपटीकडचा ब्रेक शूट पायत. मंग फॉर्म ७०० वर सही. त्या वहीत लिवलेलं राहे का विमानात काय काम झालं, कोनं केलं, अन् आता हे विमान उडवाले ठीक हाय. खाली आमची सही, मंग साहेबाची. सही झाली का विमान त्याईचं."

मी विचारलं, मग काय व्हायचं.

"मंग शिडी. साहेब वर चढून शीटवर बसले का मी मांगून शिडीवर. खांद्याचे पट्टे आवळून द्याचे. त्या शीटखाली बारूद राह्यते, विमान पडाले लागलं का साहेब शीटसकट बाह्येर फेकल्या जाते. जमिनीवर चुकून उडू नये म्हून तिले सेफ्टी पिना लावलेल्या असत, लाल फडकं बांधलेल्या. त्या काढाचं काम माह्यं. एकेक पिन काढाची, हातात धराची, अन् सगळ्या निंघाल्या का साहेबाच्या डोळ्यापुढं हात उघडून दाखवाचा. साहेब पाहून मान हालवे. मान हालवल्याबिगर शिडी काढाची नाई. बोलनं होत नसे, बाजूचं इंजिन चालू राहे. फक्त डोळे."

आजोबांनी इथे स्वतःचा तळहात उघडून माझ्यापुढे धरला. हाताला कंप आहे. बोटं आतल्या बाजूनं चिरलेली, नंतर वीस वर्षं शेती केली त्याची. किती वेळ तो हात तसाच उघडा होता.

"आमचे एक साहेब सकाळच्या पारी गेले. चार विमानं गेली. सुखोईले तेल लई लागे, एकच इंजिन, पन भूक दोघाची. म्हून बाह्येरून टाक्या लटकवाव्या लागत अन् तरी ते लई वेळ वर रायत नसे. आमाले बरोब्बर ठाऊक राहे का येवढ्या वेळात आलं तं आलं. आमी चोक, म्हंजे चाकाले लावाचे ठोकळे, घेऊन पेनपाशी, म्हंजे विमान ठेवाच्या आडोशापाशी, उभे. एक आलं. दोन आले. तिसरं आलं, त्याच्या पंखाले भोक होतं. तिसऱ्याची चाकं अडवली अन् आमी चौघंही तिकडंच पाहून राह्यलो. तेल संपाचा वक्त निंघून गेला. तरी पाहून राह्यलो. दुसऱ्या विमानतळावर उतरले असतीन, असं कोनी म्हने. रेडिओवरून बोलले असतीन, असं कोनी म्हने. फ्लाइट सार्जंट आला अन् म्हनला, चोक उचला, दुसऱ्या पारीची तयारी करा."

त्यांना मी विचारलं की त्या साहेबांचं पुढे काय कळलं. नाव त्यांनी सांगितलं, पण इथे लिहू नको म्हणाले, त्यांचं घर आहे. परतलेल्यांमध्ये ते नव्हते, इतकंच.

"पिना माह्यापाशीच राह्यल्या ना. खिशात. विमान आलं का पयले पिना लावाच्या असतेत, शिडी चढून. संध्याकाळी स्टोअरमध्ये जमा केल्या. स्टोअरवाल्यानं इचारलं, विमान नंबर? मी सांगतला. त्यानं वर नाई पाह्यलं."

पुढे सुटीवर आले तेव्हा पुलगावहून शकुंतलेत (नॅरोगेज गाडीत) बसून आर्वीकडे निघाले होते, तेव्हा डब्यातल्या लोकांनी वर्दी बघून पेढे दिले. ढाका पडलं होतं, ९३ हजार कैदी आपल्या हातात होते. आजोबा म्हणतात, पेढा हातात घेतला आणि तळेगावपर्यंत खाल्ला नाही. (आजोबा, शकुंतला तळेगावला जात नव्हती, असं मी म्हटलं तर म्हणाले, पुढं पायीच गेलो ना.)

आर्वीची_धाकटी

नातू_पुलगाव, आजोबांना माझा नमस्कार सांगा. पिना जमा केल्या ते वाक्य वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसले.

संत्रानगरी

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. पन्नास वर्षं उलटून गेली आहेत. 'आमचा माणूस तिथल्या तुरुंगात आहे' ही आशा घराला आतून खाते. कोणी तरी सुटून येतो आणि सांगतो की अमुक कोठडीत एक हिंदी वैमानिक पाहिला होता, की परत घर दहा वर्षं उठून बसतं. आपल्याकडे बारा वर्षांचा विधी ठेवला तो उगाच नाही. मागं राहिलेल्यांनी जगावं म्हणून ठेवला. मोठ्या आईंचा हट्ट मला कळतो, पण त्यांच्या सोबतच्या घरच्यांचं काय? सतत दारात उभी असलेली वाट म्हणजे लहान पोरांनाही त्रासच.

आर्वीची_धाकटी

संत्रानगरी, तुमचं म्हणणं खोटं नाही. आमच्या वडिलांनी तेच सांगितलं होतं आणि त्यांना मी वाईट म्हणू शकत नाही. भाऊ शोधायला दोन वेळा गेले ते तेच. पण एक फरक आहे हो. मोठ्या बाबांचं काय झालं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. खाणीत गेले, नदीत गेले, की दुसरं घर केलं, सांगायला माणूसच नव्हता. तांब्यांच्या बाबतीत नाव छापून आलं होतं. विमान कुठे पडलं ते ठाऊक होतं. पडलेल्या विमानापाशी कोणी तरी पोचलं असणार, माणूस सापडला असेल तर कोणी तरी त्याला हात लावला असणार. कोणाला तरी ठाऊक आहे, आणि ते सांगत नाहीत. अशा ठिकाणी 'आता विसरा' असं घराला सांगणं मला पटत नाही. आधी सांगा, मग विसरायचं ते आम्ही बघू.

काळा_कोट_यवतमाळ

कायद्याचं थोडं. जुन्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, ज्या माणसाबद्दल सात वर्षं त्याच्या जवळच्यांना काही ऐकू आलं नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी 'जिवंत आहे' म्हणणाऱ्यावर येते. नव्या साक्ष्य अधिनियमातही सात वर्षंच आहेत. हिंदू विवाह कायद्यातही सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर घटस्फोट मागता येतो. धर्मशास्त्र बारा म्हणतं, कायदा सात. सातबाऱ्यावर वारस लावायला आमच्याकडे बाया येतात तेव्हा बहुतेकींना हे सात वर्षांचं ऐकून धक्का बसतो. एक बाई म्हणाल्या होत्या, साहेब, कोर्टानं मेला म्हटल्यावर मी त्याच्या नावानं उपास करायचा की सोडायचा? मला उत्तर देता आलं नाही.

युद्धकैद्यांचं मात्र वेगळं. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे पकडलेल्या सैनिकाला स्वतःच्या घरी आणि रेडक्रॉसच्या मध्यवर्ती संस्थेकडे कार्ड पाठवू द्यावं लागतं, तेही छावणीत पोचल्यापासून आठवड्याभरात. आणि प्रत्यक्ष लढाई संपली की कैद्यांना विनाविलंब सोडायचं, कलम ११८. म्हणजे सात वर्षं, बारा वर्षं हा हिशोब इथे लागूच व्हायला नको. ज्याचं कार्ड भरलं गेलं, त्याचं नाव नोंदलं गेलं आणि तो घरी आला. ज्याचं भरलंच नाही, तो कागदावर कधी पकडलाच गेला नाही.

गुजरात उच्च न्यायालयानं २०११ मध्ये केंद्र सरकारला हे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायला सांगितलं होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली.

मुलूखगिरी

नोंदीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. दिलीप पारुळकरांचं उदाहरण घ्या. तेही सुखोई-७ चे वैमानिक, १० डिसेंबर १९७१ ला पडले, पकडले गेले आणि रावळपिंडीच्या छावणीत ठेवले गेले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांना सोबत घेऊन भिंत फोडून पळाले, अफगाणिस्तानच्या सरहद्दीजवळ लंडी कोतलला पुन्हा पकडले गेले. पळून जायचा गुन्हा करूनही १ डिसेंबरच्या तुकडीतून घरी परतले, कारण त्यांचं नाव नोंदलेलं होतं. नाव असलं की माणसाला लपवता येत नाही.

१९७९ साली लोकसभेत सरकारनं पाकिस्तानात असल्याचं मानलं जाणाऱ्या ४० जणांची नावं सांगितली. पुढे हा आकडा ५४ झाला, त्यात निम्म्याच्या आसपास हवाई दलाचे. पाकिस्तानचं उत्तर दर वेळी एकच, आमच्याकडे कोणी नाही. मेजर अशोक सुरींच्या वडिलांना मुलाच्या अक्षरातली पत्रं आली होती, युद्धानंतर तीन वर्षांनी, कराचीहून. पत्र आलं तरी माणूस आला नाही. संत्रानगरी, तुम्ही म्हणता आशा खाते. पण हातात पत्र असलेल्या बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

आणि २००८ मध्ये कश्मीर सिंग पस्तीस वर्षांनी पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटून आले. ते युद्धकैदी नव्हते, हेरगिरीच्या आरोपाखाली होते. पण पस्तीस वर्षं माणूस तिथल्या कोठडीत जिवंत राहू शकतो, इतकं तर त्यावरून दिसलं.

संत्रानगरी

सुरींचं मला माहीत नव्हतं. मी माझे शब्द जरा मागे घेतो. तरी दमयंतीताईंनी पन्नास वर्षं दिली त्याचं दुःख होतंच.

पऱ्हाटी

दिली म्हणजे काय दादा. त्यांची होती, त्यांनी ठरवली. त्यांनी खेळ शिकवला, पोरी घडवल्या, नोकरी केली, लढल्या. मोठ्या आई काय करायच्या ताई दिवसभर? नुसत्या दारात बसायच्या का?

आर्वीची_धाकटी

छे. दारात बसायला सवड कुठली! कापूस वेचायला गावात तिच्यासारखा हात नव्हता. बायांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढं. मी शिकले ते तिच्या मजुरीच्या पैशावर, हे आमच्या वडिलांनीच मला सांगितलं. वाट बघते आहे असं तिच्याकडे बघून कधी वाटलं नाही. फक्त रात्री दाराची कडी ती लावायची नाही. दार लोटून घ्यायची, आणि आतून कडीऐवजी जात्याची पाळ टेकवून ठेवायची. कोणी ढकललं तर आवाज होईल, आणि उघडेलही.

नातू_पुलगाव

आजोबांना हे वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्या ठाण्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साहेबांच्या पेनमध्ये दुसरं विमान लावायला सांगितलं. यांनी सगळ्यांनी मिळून ते बाजूच्या पेनमध्ये लावलं. कोणी सांगितलं नव्हतं. फ्लाइट सार्जंटनं पाहिलं आणि काही बोलला नाही. लढाई थांबेपर्यंत ती जागा मोकळीच राहिली.

आणखी एक विचारायला सांगितलं. "त्या माईले इचार, मोठ्या आईची घागर भरता का तुमी? अन् त्याची?"

आर्वीची_धाकटी

आजोबांना सांगा, मोठी आई २००४ च्या भादव्यात गेली. कुंकू लावूनच नेली, वडिलांनी कोणाला काही बोलू दिलं नाही. पुढच्या अखजीला तिची घागर भरायची होती. आईनं दोन आणल्या होत्या. म्हणाली, आता तरी दोघांची सोबत भरू. वडिलांनी एक उचलली आणि परसात माठाच्या बाजूला पालथी घालून ठेवली.

तेव्हापासून दरवर्षी दोन आणतो. एक भरतो. आजही दोनच आणल्या आहेत.